पिकअपला जादा पाटे टाकले की गाडी जास्त माल उचलते का? सस्पेन्शन बदलण्याआधी हे वाचाच

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर, काटोल, सावनेर पट्ट्यात आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबरपासून तोडणीला येतात. पाऊस नुकताच सरलेला असतो. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेले खोल चर अजून ओलेच असतात. त्याच चरांतून पिकअप बागेत जाते, कॅरेट भरते, डांबरी रस्त्याला लागते आणि अख्खं नागपूर शहर ओलांडून पूर्वेकडच्या कळमना बाजारात पोहोचते.

म्हणजे एकाच फेरीत गाडी दोन अगदी वेगळ्या रस्त्यांवर चालते. जाताना रिकामी, येताना भरलेली. आधी खड्डे, मग हायवे.

मग गाडी मागून बसायला लागते, खड्ड्यात खालून धाडकन आवाज येतो आणि कुणीतरी सल्ला देतं, "दोन पाटे जास्त टाकून घे, काही होत नाही." दुसरा म्हणतो, "लिफ्ट किट लाव, गाडी उंच होईल." हल्ली रील्समध्ये उंच केलेल्या इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स बघून तर हा मोह आणखी वाढतो.

पण खरंच काही होत नाही का? सस्पेन्शनमध्ये नेमकं काय बदलावं, काय बदलू नये आणि बदललंच तर ते कसं बसवावं, हे एकेक करून पाहू.

सस्पेन्शन म्हणजे नेमकं काय?

सस्पेन्शनची मुख्य कामं दोन. गाडीचं वजन पेलणं आणि चाक रस्त्याला चिकटवून ठेवणं.

वजन पेलण्याचं काम स्प्रिंग करते. आपल्याकडच्या जवळपास सगळ्या पिकअपना मागे पाटे असतात. लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेली ही कमान. पुढच्या बाजूला मॉडेलनुसार पाटे, कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतो. व्ही-क्रॉस आणि हायलक्सला पुढे कॉइल आणि मागे पाटे आहेत.

दुसरं काम शॉक अॅब्सॉर्बरचं, ज्याला गॅरेजात शॉकअप म्हणतात. स्प्रिंग दबली की ती उसळणारच. ही उसळी लवकर थांबवणं हे शॉकअपचं काम. त्याच्या नळीत तेल असतं आणि ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं, त्यामुळे हालचाल मंदावते.

इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. शॉकअप वजन उचलत नाही. गाडी मागून बसत असेल तर फक्त महागडे शॉकअप लावून ती उठणार नाही. आणि गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलत असेल तर पाटे वाढवून ते डुलणं थांबणार नाही.

एक पाटा वाढवला की काय होतं?

समजा एका बाजूला एकाच जाडीचे पाच पाटे आहेत. त्यात तेवढ्याच लांबी-जाडीचा सहावा टाकला तर स्प्रिंग साधारण २० टक्क्यांनी कडक होते. टाकलेला पाटा आखूड असेल तर त्याहून कमी.

जाडीचा हिशोब मात्र वेगळा आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा आला तर जाडी दिसायला फक्त दोन मिलिमीटरने वाढते, पण तो पाटा जवळपास दुप्पट कडक होतो. म्हणून "थोडा जाड टाक" हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही.

कडक पाट्यांचा परिणाम रिकाम्या गाडीत आधी कळतो. वजन नसल्याने पाटे दबतच नाहीत, मागचं चाक प्रत्येक खड्ड्यावर उडतं. उडालेलं चाक ना ओढतं, ना ब्रेक लावतं. ओल्या मातीत मागच्या चाकांवर चालणारी टू-व्हील ड्राइव्ह पिकअप अशा वेळी जागच्या जागी फिरत राहते.

आणि माल? अर्धी भरलेली गाडी कडक पाट्यांवर आदळत राहिली तर तो हादरा थेट कॅरेटमध्ये जातो. संत्र्याच्या सालीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. दाबाने, घासण्याने त्या फुटल्या की सालीवर डाग पडतात. बाजारात डागी माल वेगळा काढला जातो. गाडी वाचवायला केलेला खर्च असा मालातून वसूल होतो.

मग गाडीची क्षमता वाढते का?

सरळ उत्तर, नाही.

पाटे वाढवल्यावर भरलेली गाडी कमी बसते, म्हणून ती जास्त पेलतेय असं वाटतं. पण अॅक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेक तेच राहतात. कंपनी जेव्हा जास्त क्षमतेची गाडी काढते तेव्हा या सगळ्याचा एकत्र हिशोब करते. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप १.३ टनापासून २ टनांपर्यंत वेगवेगळ्या आवृत्त्यांत विकली जाते, ती याचसाठी. रोजचा माल २ टन असेल तर तेवढ्या क्षमतेची गाडी घेणं हाच उपाय आहे.

याहून गंभीर मुद्दा ब्रेकचा आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी किंवा स्प्रिंग अॅक्सलला जोडलेली असते. गाडी किती बसली यावरून तो भार ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी रिकामी असेल तर कमी दाब, भरलेली असेल तर जास्त.

आता कडक पाट्यांमुळे भरलेली गाडी बसलीच नाही, किंवा लिफ्टमुळे ती वर उचलली गेली, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मग दीड टन माल मागे असतानाही मागचे ब्रेक अर्धवट लागतात. रिंग रोडवर समोरच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला की हा फरक कळतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

जादा मालाचा दंड वेगळा. कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपयांची तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याकडेच.

झिजलेला पाटा किंवा शॉकअप काढून कंपनीने सांगितलेल्या मापाचा नवा बसवणं ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची किंवा रचना बदलणं हा बदल. तो करण्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. एमएच ४० पासिंगच्या गाड्यांसाठी ते नागपूर ग्रामीणचं कार्यालय. अपघातानंतर दावा अडकला की गॅरेजवाल्याचा तोंडी शब्द कामाला येत नाही.

निवड करायची कशी?

सुरुवात वजनकाट्यावरून करायची. नेहमीचा माल भरून गाडी काट्यावर न्यायची. आधी पूर्ण वजन, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या अॅक्सलचं वजन. हे आकडे नोंदणी प्रमाणपत्रातल्या आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचे. मर्यादा ओलांडली असेल तर सस्पेन्शनचा विषय तिथेच संपतो, आधी माल कमी करायचा.

वजन मर्यादेत असूनही त्रास असेल, तर लक्षणावरून कारण शोधायचं.

- सपाट जागी गाडी एका बाजूला झुकते: पाटा तुटलाय किंवा कमान उतरली आहे. दोन्ही बाजूंचे पाटे जोडीने बदलावेत.
- खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते, शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतो: शॉकअप गेलेत. तेही जोडीनेच बदलायचे.
- खडखड, कुरकुर असा आवाज येतो: पाट्यांच्या टोकाचे बुश, शॅकल किंवा पिन झिजलेत. हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.
- मर्यादेतल्या मालानेही गाडी रबरी बफरवर आदळते: पाटे थकलेत. आधी कंपनीच्या मापाचे नवे पाटे लावून बघावेत.

खराब रस्त्यावरची बरीचशी तक्रार या चारांतच मिटते. टायरमधली हवाही बघायची, कारण रिकाम्या गाडीत भरलेल्या गाडीएवढी हवा ठेवली तरी ती उडते.

एवढं करूनही बाजारातलं अपग्रेड किट घ्यायचंच असेल, उदाहरणार्थ ओल्ड मॅन ईमू किंवा आयर्नमॅनसारख्या ऑस्ट्रेलियन ब्रँडचं, तर विकत घेताना एकच प्रश्न विचारायचा. हे पाटे किती कायमच्या वजनासाठी बनवलेत? अशी किट्स गाडीत नेहमी किती वजन असतं यावरून निवडायची असतात. कायम ३०० किलोंसाठी बनवलेले पाटे रिकाम्या गाडीला लावले तर कंबर मोडते.

उंची वाढवली की चिखलातून गाडी निघते का?

इथे एक साधी गोष्ट विसरली जाते. मागच्या अॅक्सलच्या मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, हा पिकअपमध्ये जमिनीला सगळ्यात जवळचा भाग असतो. पाटे उंच केले तर बॉडी वर जाते, अॅक्सल नाही. तो गोळा जमिनीपासून आधी होता तेवढ्याच उंचीवर राहतो. चरांमधल्या मातीच्या वरंब्यावर तो आधी टेकायचा, तर आताही टेकणार. त्याची उंची फक्त मोठ्या टायरने वाढते, आणि मोठे टायर म्हणजे पुन्हा गिअरिंग, ब्रेक, स्पीडोमीटर आणि कायद्याचा प्रश्न.

काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचांत भरून बसते. तिथे पकड हवी असते, उंची नाही. उलट उंच गाडीचा तोल वर सरकतो, भरलेली गाडी वळणावर जास्त कलते. पुढे कॉइल असलेल्या गाड्यांत ४०-५० मिलिमीटरपलीकडे गेलं की बॉल जॉइंट आणि फोर-व्हील ड्राइव्हच्या पुढच्या शाफ्टवर ताण येतो.

बसवताना कुठे चुकतं?

हे काम रस्त्याच्या कडेला करायचं नाही. फरशी पक्की हवी, पुढच्या चाकांना ओट लावलेली हवी आणि चेसिस घोडीवर टेकवलेली हवी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये.

काम सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप लिहून ठेवायचं. काम झाल्यावर नेमका किती फरक पडला हे त्यावरूनच कळतं.

पाटे बसवताना सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या बैठकीतल्या छिद्रात नीट बसलं पाहिजे. ते चुकलं तर अॅक्सल तिरका होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. यू बोल्ट नवेच वापरायचे. जुने एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा आवळले तरी तेवढे धरत नाहीत. आवळताना चारही नट आळीपाळीने, टॉर्क रेंचने, कंपनीच्या मापाप्रमाणे.

रबरी बुशचे बोल्ट मात्र शेवटी. गाडी चाकांवर उतरवून तिचं वजन पाट्यांवर आल्यावरच ते पूर्ण आवळायचे. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पाट्यावर वेल्डिंग कधीच नाही. गॅसने तापवून कमान देणंही नाही. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला पाणी देऊन तयार केलेलं असतं. पुन्हा तापवलं की त्याची लवचीकता जाते आणि तो पाटा भर मालात मोडतो.

उंची बदलली असेल तर चाकं पूर्ण खाली सोडून ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जातेय का बघायचं. भार ओळखणारा व्हॉल्व्ह असेल तर तो कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यायचा. त्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये.

काम झालं, आता पुढे?

आधी रिकाम्या रस्त्यावर कमी वेगाने ब्रेक तपासायचे, एकदा रिकाम्या गाडीत आणि एकदा मालासह. मग व्हील अलाइनमेंट. हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवून घ्यायचा, कारण मागची उंची बदलली की तो बदलतो. पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायचे, ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघायचे. नवे पाटे एकमेकांवर बसतात तसे नट सैल पडतात.

थोडक्यात काय, तर पाट्यांनी गाडी वर दिसते, पण तिची ताकद प्रमाणपत्रावर लिहिली आहे तेवढीच राहते. तोडणी सुरू होण्याआधी एकदा वजनकाट्यावर जाणं आणि एकदा गाडीखाली बॅटरी मारून बुश, शॉकअप, पाटे बघणं, एवढं केलं तरी यंदाचा हंगाम बऱ्यापैकी बिनघोर जाऊ शकतो.