सासऱ्यांची पत्रे, सुनेचे शिक्षण

अहिल्याबाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती पांढरे लुगडे नेसलेली, हातात शिवपिंडी घेतलेली शांत मूर्ती. शाळेच्या भिंतीवर, घरातल्या कॅलेंडरवर, पुण्यतिथीच्या व्यासपीठावर आपण त्यांना अशाच पाहत आलो. इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या मुलाला हे चित्र मुद्दाम ओळखून द्यावे लागत नाही.

१७६५ सालच्या एका पत्रात मात्र वेगळ्याच अहिल्याबाई भेटतात. पत्र सुभेदार मल्हाररावांचे आहे. ते उत्तरेच्या मोहिमेवर आहेत आणि सून तोफखाना घेऊन वाटेवर आहे. सासरे लिहितात ते असे : चंबळ उतरून ग्वाल्हेरला जावे. तिथे चार-पाच दिवस मुक्काम करावा. मोठा तोफखाना तिथेच ठेवावा, त्याच्या दारूगोळ्याची होईल तितकी तजवीज करावी, महिनाभराच्या खर्चाची सोय लावावी आणि मग पुढे निघावे. वाटेत रस्त्याच्या रखवालीसाठी चौक्या बसवाव्यात.

हे पत्र आपण सहसा ‘अहिल्याबाई लष्करी कामातही निपुण होत्या’ याचा पुरावा म्हणून सांगतो. तो आहेच. पण घरातल्या वडीलधाऱ्याने घरातल्या लहानाला लिहिलेले पत्र म्हणून ते वाचले, तर त्यात आणखी काही दिसते. यात उपदेश नाही. ‘सांभाळून राहा, काळजी घे’ अशी वाक्ये नाहीत. ‘तुला हे जमेल का?’ हा प्रश्नही नाही. काम काय, कुठे, किती दिवसांचे, खर्च कसा भागवायचा, एवढेच आहे. लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे की वाचणारीला हे कळते. हे गृहीत धरता येण्यामागे तीस वर्षांची तयारी होती.

तिची सुरुवात आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडी गावी झाली. पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ साली अहिल्येचा जन्म झाला. त्या काळी मुलीला अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती. तरीही वडिलांनी तिला लिहायला-वाचायला शिकवले, असे परंपरा सांगते. १७३३ मध्ये ती मल्हाररावांच्या एकुलत्या एका मुलाची, खंडेरावांची पत्नी म्हणून होळकरांच्या घरात आली, तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढचे शिक्षण सासरी झाले.

मल्हारराव स्वतः नीरेकाठच्या होळ गावचे. वडील लवकर गेले. खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे ते मेंढ्या राखत वाढले आणि मामाच्याच मुलीशी, गौतमाबाईंशी, त्यांचे लग्न झाले. माणूस काम करता करता शिकतो, हे त्यांनी स्वतःवरून जाणले होते. सुनेला त्यांनी त्याच रीतीने शिकवले.

सासूचा वाटा यात कमी नाही. १७३४ मध्ये पेशव्यांकडून होळकरांना ‘खासगी’ जहागीर मिळाली ती गौतमाबाईंच्या नावाने. दौलतीच्या जमाखर्चापासून ही मिळकत वेगळी होती आणि ती घरच्या बाईच्या हाती होती. खासगी म्हणजे पुढे अहिल्याबाईंनी देशभर जे घाट, मंदिरे, विहिरी आणि धर्मशाळा उभारल्या त्यांचा आर्थिक पाया. गौतमाबाई १७६१ मध्ये वारल्यावर खासगी सुनेकडे आली. तोवर गावांचा वसूल, नोकरांचे पगार, देवस्थानांचे नेमणुकीचे पैसे ही कामे सासूच्या शेजारी बसून तिच्या पाहण्यातली झाली होती. सासरे मोहिमेवर आणि सासू घरी, असे हे दोन गुरू होते.

मोहिमेवरचा गुरू पत्रांतून शिकवत असे. आज ती पत्रे छापील स्वरूपात वाचता येतात, त्याचे मोठे श्रेय होळकर दरबारचे कागद निवडून ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ सिद्ध करणाऱ्या इंदूरच्या वा. वा. ठाकूर यांच्यासारख्या संशोधकांना आहे. हे पत्रव्यवहार कसे चालत, तेही पाहण्यासारखे आहे. सरदार सांगे, कारकून मोडीत लिही, आणि कासिद ते घेऊन पायी किंवा सांडणीवर निघे. वाटेत नद्या, चोर, शत्रूच्या चौक्या. उत्तर यायला कित्येक दिवस लागत. त्यामुळे एकेका पत्रात नेमके तेवढेच लिहावे लागे, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या अकलेवर विश्वास ठेवावा लागे. विचारून-विचारून काम करण्याची सोयच नव्हती.

त्या काळच्या घरगुती पत्रांचा एक ठरलेला साचा आहे. आरंभी आशीर्वाद, मग ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’. आपण हे वाक्य औपचारिक म्हणून सोडून देतो. पण ‘लिहीत जाणे’ हे शब्द थांबून वाचावेत असे आहेत. मोठ्याने लहानाला लिहिले की लहानाने उत्तर द्यायचे, हा त्या नात्याचा करार होता. हुकूम ऐकून मान डोलावणे पुरेसे नव्हते. कळवावे लागे, मांडावे लागे, खर्चाचा तपशील द्यावा लागे. लिहिता लिहिता माणूस विचार करायला शिकतो, हे कुणी न सांगता घडत होते.

या सगळ्याच्या मध्यावर कुंभेरी येते. १७५४ मध्ये भरतपूरजवळच्या त्या किल्ल्याच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही आत होत्या. मालेराव नऊ वर्षांचा, मुक्ता सहा-सात वर्षांची. त्या सती जायला निघाल्या आणि मल्हाररावांनी त्यांना अडवले. माझा खंडू गेला, आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर ही दौलत कोण पाहील, अशा आशयाची त्यांची विनवणी परंपरेने जपून ठेवली आहे. पुत्रशोकात बुडालेल्या म्हाताऱ्याने सुनेला जगायला सांगितले, आणि जगण्याचे कारणही सांगितले. ते कारण पोकळ नव्हते. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी ते पत्रा-पत्रातून खरे करून दाखवले. १७६५ चे पत्र हा त्याच विनवणीचा पुढचा भाग आहे.

१७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव आलमपूर येथे वारले. लवकरच या शिक्षणाची परीक्षा झाली. नातू मालेराव गादीवर आला आणि १७६७ मध्ये, जेमतेम दहा-अकरा महिन्यांत, बावीस वर्षांच्या वयात गेला. आता वारस नाही म्हणून दौलत ताब्यात घ्यावी, असा डाव दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड आणि राघोबादादा यांनी मांडला. राघोबा फौजेसह निघाले. अहिल्याबाईंनी त्या वेळी जी मुख्य हत्यारे वापरली त्यांत पत्रे होती. शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे गेली. पुण्याला माधवराव पेशव्यांना पत्र गेले. तुकोजी होळकर फौज घेऊन क्षिप्रेवर उभे राहिले. शेवटी राघोबांना समाचाराला आल्याचे सांगावे लागले आणि माधवरावांनी दौलत अहिल्याबाईंकडेच ठेवली. कुणाला, केव्हा आणि किती शब्दांत लिहायचे, हे त्यांना कुठल्या शाळेने शिकवले होते ते आपण पाहिलेच.

इथे थांबलो तर ही एक सुरेख गोष्ट होते. पण इतिहास आपल्या सोयीने थांबत नाही.

मालेरावांबद्दल सर जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात जे लिहिले आहे ते वाचवत नाही. आई ज्या ब्राह्मणांना आदराने दान देई, त्यांच्या वस्त्रांत, जोड्यांत, पैशांच्या भांड्यांत हा मुलगा विंचू ठेवी आणि त्यांची धांदल पाहून हसे. आईला त्याचे रडू येई. मालेरावाच्या मृत्यूत आईचाच हात होता, अशी कुजबुजही पुढे झाली. माल्कमने बारकाईने चौकशी करून ती खोटी ठरवली.

म्हणजे ज्या घराने परक्या घरची मुलगी घडवली, त्याच घरात पोटचा मुलगा हाताबाहेर गेला. इथे दोष देत बसणे सोपे आहे. नऊ वर्षांचा असताना बाप गेला, आजोबा बहुतेक काळ घोड्यावर, आई दौलतीच्या कामात. मला मात्र एक फरक ठळकपणे दिसतो. सुनेवर जबाबदारी थोडी थोडी येत गेली. आधी खासगीचे हिशोब, मग वसूल, मग तोफखाना, आणि प्रत्येक पायरीवर विचारणारा कुणीतरी होता. नातवावर सगळा मान एकदम आला, आणि तो आला तेव्हा विचारणारे आजोबा नव्हते.

दुसरा प्रसंग याहून जड आहे. मुक्ताबाईंचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा उरलेला एकमेव नातू. तो तरुणपणीच गेला. त्यानंतर वर्षभरात, १७९१ मध्ये, यशवंतरावही गेले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. आता विनवण्या करायची पाळी अहिल्याबाईंवर आली. त्यांनी मुलीपुढे पदर पसरला, मला एकटी टाकून जाऊ नकोस म्हणाल्या. माल्कमने नोंदवलेले मुलीचे उत्तर शांत आहे आणि कठोर आहे. तिचे म्हणणे असे की, आई, तू म्हातारी झालीस, थोड्याच वर्षांत तुझे आयुष्य सरेल; माझा मुलगा आणि नवरा दोघे गेले; तू गेल्यावर मला जगणे असह्य होईल आणि मानाने मरण्याची वेळ मात्र निघून गेलेली असेल. महेश्वरला नर्मदेकाठी अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. त्यानंतर तीन दिवस त्यांनी जेमतेमच अन्न घेतले, कुणाशी शब्द बोलल्या नाहीत.

एकच घर, एकच विनवणी, मध्ये सदतीस वर्षे. १७५४ मध्ये ती ऐकली गेली, १७९१ मध्ये नाही. प्रेम दोन्ही वेळी सारखेच होते, किंबहुना पोटच्या मुलीसाठी जास्तच असेल. पण मल्हाररावांच्या शब्दांमागे उद्याचे काम उभे होते. मुक्ताबाईंपुढे आईने ठेवले ते आईचे दुःख. ज्या बाईंनी अर्ध्या हिंदुस्थानात घाट बांधले, त्यांच्या मुलीला उद्या सकाळी उठून करायचे असे काही उरलेले दिसले नाही. हे लिहिताना अहिल्याबाईंना बोल लावण्याचा हेतू नाही; तेवढी आपली पात्रताही नाही. सतीच्या रूढीचा जोर किती होता तेही विसरता येत नाही. पण आई-बाप म्हणून या दोन प्रसंगांमधले अंतर आपल्याला विचार करायला लावते.

आपल्या रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर भागांतल्या जुन्या घरांत पोस्टकार्डांचे गठ्ठे अजून सापडतात. मुंबई-पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला वडिलांनी लिहिलेली ती कार्डे बहुधा कोरडीच असत : भाड्याचे पैसे पाठवले आहेत, मामांकडे जाऊन ये, घरच्या कागदांची नक्कल काढून आण. आता मुले पुणे, बंगळुरू, त्याही पलीकडे आहेत आणि आपण दिवसातून तीनदा फोनवर बोलतो. ‘जेवलास का’, ‘झोपलास का’, ‘मार्क किती पडले’. माया त्यात भरपूर आहे. पण घरातला एखादा व्यवहार आपण त्यांच्यावर सोपवतो का? घर विकायचे की दुरुस्त करायचे, आजीच्या औषधपाण्याचे कसे करायचे, हे त्यांना विचारतो का? मुले घरात हिंदी बोलतात, मराठी बोलत नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार. ज्या भाषेत त्यांना फक्त सूचना मिळतात आणि एकही निर्णय घ्यायला मिळत नाही, ती भाषा त्यांनी का धरून ठेवावी?

दहा दिवसांच्या उत्सवात आपण मुलांना नाचाला, नाटुकल्याला, वक्तृत्वाला उभे करतो आणि खाली बसून टाळ्या वाजवतो. ते छानच आहे. यंदा त्याबरोबर एक पावतीपुस्तकही त्यांच्या हाती द्यावे. एका दिवसाच्या प्रसादाचा पूर्ण हिशोब दहावी-अकरावीतल्या एखाद्या मुलीवर सोपवावा. नारळवाला, फूलवाला, आचारी यांच्याशी तिनेच बोलावे. मध्ये मध्ये फोन करून विचारू नये. चुकली तर चुकू द्यावी. अनंत चतुर्दशीनंतर मात्र तिला समोर बसवून विचारावे की खर्च किती झाला, उरले किती, आणि पुढच्या वर्षी काय बदलावे. तिने ते मराठीत, कागदावर लिहून द्यावे.