मेलबर्नचे तीन गोल : नेव्हिल डिसोझा

आष्टा, वाळवा, कराड या पट्ट्यात १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक म्हटले की एकच नाव ओठांवर येते, ते म्हणजे गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. त्यांचे कांस्यपदक आणि परतल्यावर निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक येथे घरोघरी ठाऊक आहे. मात्र त्याच हेलसिंकीत, खाशाबांच्या पदकाच्या काही दिवस आधी, भारतीय फुटबॉल संघाची युगोस्लाव्हियाने १०-१ अशी धूळधाण उडवली होती. भारताचे बहुतेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. या पराभवानंतरच बूट सक्तीचे झाले.

पुढच्या ऑलिंपिकची कथा मात्र अगदी वेगळी आहे आणि तिच्या केंद्रस्थानी मुंबईचा एक सेंटर फॉरवर्ड आहे.

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म १९३२ चा. कुटुंब मूळचे गोव्याचे. आज ही बाब साधी वाटते, पण १९५६ साली गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. आदल्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता आणि भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले होते. ज्या भूमीवर तिरंगा फडकवणे हा गुन्हा होता, त्या भूमीशी नाते सांगणारा खेळाडू तिरंग्याखाली मैदानात उतरत होता. क्रीडा-इतिहासात या संदर्भाची नोंद सहसा होत नाही, व्हायला हवी.

त्या काळी आपल्याकडे आजच्या अर्थाने व्यावसायिक फुटबॉल नव्हता. मुंबईत कंपन्यांचे संघ असत. खेळाडूला नोकरी मिळे आणि कंपनीला नाव. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅलटेक्स या संघांकडून खेळले. कूपरेजवरील रोव्हर्स कप ही मुंबईची मानाची स्पर्धा. १९५८ मध्ये तो चषक कॅलटेक्सने जिंकला.

मेलबर्नमध्ये सय्यद अब्दुल रहीम प्रशिक्षक होते, समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत खेळावेच लागले नाही. १ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. नेव्हिल यांनी ९ व्या मिनिटाला पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला दुसरा, पुन्हा बरोबरी. ५० व्या मिनिटाला तिसरा, आणि या वेळी ऑस्ट्रेलियाला उत्तर देता आले नाही. अखेरीस किट्टू यांनी चौथा गोल करून ४-२ असा निकाल पक्का केला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश. प्रतिस्पर्धी दुबळा होता, नशीब बलवत्तर होते, असे म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद : ऑलिंपिकनंतर सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यातही भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ ने हरवले.

उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया! पूर्वार्ध गोलशून्य राहिला. ५२ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला भारत चक्क आघाडीवर आला. ती आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली. सामना ४-१ ने गेला, आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने हरवले. पदक हुकले. तरीही स्पर्धेतील सर्वाधिक, म्हणजे ४ गोल करणाऱ्या तिघांत युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव यांच्यासोबत नेव्हिल यांचे नाव आहे. भारतीय फुटबॉलने ऑलिंपिकमध्ये ते चौथे स्थान पुन्हा कधीही गाठले नाही.

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले. मेलबर्नच्या संघातील पी. के. बॅनर्जी हे त्याचे पहिले फुटबॉलपटू मानकरी. पुढे बलराम आणि थंगराज यांनाही तो मिळाला. खाशाबांना मिळाला, पण मरणोत्तर. नेव्हिल डिसोझा १९८० साली, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच गेले. अर्जुन मानकऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव आजही नाही.