घरातील फायबर राउटर : चावी कंपनीकडे, जबाबदारी ग्राहकाकडे

जयपूर : राजस्थानातील शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी, २६ सप्टेंबर २०२१ रोजी, जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. अशा आदेशांतून घरगुती ब्रॉडबँड सहसा वगळले जाते. भिंतीवरील फायबरच्या पेटीचे महत्त्व अशा दिवशी विशेष जाणवते. मात्र बहुतेक घरांत ही पेटी ग्राहकाच्या मालकीची नसते आणि तिच्यावर त्याचे पूर्ण नियंत्रणही नसते.

ही पेटी एकाच वेळी दोन कामे करते. काचेच्या तंतूतून येणाऱ्या प्रकाशाचे ती विद्युत संकेतांत रूपांतर करते आणि राउटर म्हणून घरातील उपकरणांना वाय-फाय पुरवते. भारतात रूढ असलेल्या जीपॉन पद्धतीत कंपनीच्या केंद्रातून निघालेला एकच तंतू विभाजकाद्वारे अनेक घरांत वाटला जातो. केंद्राकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तर घराकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो. तंतू सामाईक असल्याने प्रत्येक पेटीला ठरलेल्या क्षणीच संदेश पाठवावा लागतो. एक पेटी बेशिस्त वागली, तर त्याच तंतूवरील शेजाऱ्यांची सेवा विस्कळीत होऊ शकते. पेटीचा अनुक्रमांक केंद्रात नोंदवण्यामागे आणि प्रकाशवाहिनीचा ताबा स्वतःकडे ठेवण्यामागे कंपन्यांचे हे कारण असते व ते रास्त आहे.

वाद आहे तो राउटरच्या भागाबाबत. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा काही कंपन्यांच्या बाबतीत १९२.१६८.२९.१ हा पत्ता टाकला की प्रशासक-पृष्ठ उघडते. ग्राहकाच्या खात्यातून वाय-फायचे नाव व पासवर्ड बदलता येतो आणि जोडलेली उपकरणे पाहता येतात. त्याच्या वरच्या दर्जाचे खाते अनेक उपकरणांत कंपनी स्वतःकडे ठेवते. कंपनीच्या जाळ्याशी होणारी जोडणी, केवळ प्रकाश-रूपांतरापुरती पेटी वापरण्याचा ‘ब्रिज मोड’ आणि दूरस्थ व्यवस्थापन या गोष्टी त्या खात्यात असतात. ‘टीआर-०६९’ या प्रणालीद्वारे कंपनी ग्राहकाच्या घरी न जाता सेटिंग बदलू शकते आणि नवे सॉफ्टवेअर बसवू शकते.

दूरवरून पोहोचणारा हा हात उपकारक असतो, तसाच धोकादायकही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच प्रणालीच्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर हल्ला झाला आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. भारतातील उदाहरण याहून साधे आहे. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड मोडेमांवर घातक सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. ‘ॲडमिन’ हा मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले. निगमने त्यानंतर ग्राहकांना पासवर्ड बदलण्यास सांगितले.

नियंत्रण अपुरे असले, तरी जोडणीच्या गैरवापराची चौकशी प्रथम ग्राहकाच्याच दारी येते. मे २००८ मधील जयपूर बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल साहिबाबाद येथील एका सायबर कॅफेतून गेला होता. दोनच महिन्यांनी, २६ जुलैच्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा ई-मेल मात्र नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरच्या वाय-फायवरून पाठवला गेल्याचे उघड झाले आणि तपास त्या घरापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना जारी केल्या.

वरच्या दर्जाच्या खात्याचे पासवर्ड इंटरनेटवर फिरत असतात. ते वापरण्याचा मोह तांत्रिक जाणकारांनाही होतो. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या वा ताबेदाराच्या परवानगीविना संगणक यंत्रणेत प्रवेश करणे भरपाईस पात्र ठरते. तेच कृत्य कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पेटी कंपनीची आणि ताबा ग्राहकाचा असताना ही रेषा नेमकी कोठे आखायची, हा प्रश्न उरतोच. जर्मनीने १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा राउटर जोडण्याचा हक्क दिला. येथे ब्रिज मोड हवा असल्यास कंपनीकडे लेखी मागणी करणे हाच सरळ मार्ग आहे.

ग्राहकाच्या खात्यातूनही बरेच साधते. वाय-फायचा आणि प्रशासक-पृष्ठाचा पासवर्ड वेगवेगळा ठेवावा. बटण दाबून जोडणी करणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय बंद करावी. उपकरणे जुनी नसतील तर ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावे. परकोट्यातील जुन्या हवेल्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचे तरंग नीट पोहोचत नाहीत, तेथे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा उपयोगी पडतो. घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नसेल, तर दोष सेटिंगचाच असेल असे नाही. अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देण्याची पद्धत असेल, तर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही.

मागील बाजूचे रीसेटचे बारीक छिद्र दाबण्याआधी कंपनीने दिलेले वापरकर्ता-नाव व पासवर्ड टिपून ठेवावेत. काही जोडण्यांत ते रीसेटनंतर पुन्हा भरावे लागतात आणि तोवर इंटरनेट बंद राहते. प्रशासक-पृष्ठाचा पासवर्डही मूळचाच होतो, तो लगेच बदलावा लागतो. जोडणी सोडून पेटी कंपनीला परत करताना मात्र रीसेट अवश्य करावे. अन्यथा घरच्या वाय-फायचा पासवर्डही तिच्यासोबत जाऊ शकतो.