ओझोन थराचा ऱ्हास व लोकमत

ज्या पर्यावरणीय धोक्याचा प्रत्यय ज्ञानेंद्रियांना येत नाही, त्याविषयीचे लोकमत कसे घडते, याचे ओझोन थराचा ऱ्हास हे विसाव्या शतकातील महत्त्वाचे उदाहरण होय. जमिनीपासून सु. १५ ते ३५ किमी. उंचीवर, स्थितांबरात, असलेला ओझोन सूर्यापासून येणाऱ्या जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाचा मोठा भाग शोषून घेतो. हा थर विरळ झाल्यास त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो आणि वनस्पतींना व सागरी प्लवकांना अपाय होतो.

ऱ्हासास कारणीभूत ठरलेली क्लोरोफ्ल्युओरोकार्बने मुळात सुरक्षित म्हणून नावाजली होती. प्रशीतनात वापरल्या जाणाऱ्या अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड यांसारख्या विषारी वायूंना पर्याय म्हणून टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनी ती १९२८ च्या सुमारास पुढे आणली. १९३० मध्ये मिजली यांनी असा वायू श्वासावाटे आत घेऊन उच्छ्वासाने मेणबत्ती विझविली व तो विषारी वा ज्वालाग्राही नसल्याचे दाखविले. पुढे फवाऱ्याच्या डब्यांतही त्यांचा वापर रूढ झाला. रासायनिक स्थैर्य हा त्यांचा गुणच पुढे दोष ठरला.

मार्यो मोलीना व शेरवुड रोलंड या कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी जून १९७४ मध्ये नेचर या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, ही संयुगे न विघटता स्थितांबरात पोहोचतात आणि तेथे त्यांपासून सुटलेला क्लोरीन ओझोनाचा नाश करतो. प्रत्यक्ष ऱ्हास तोपर्यंत कोणी मोजलेला नव्हता. उत्पादकांनीही पुराव्याचा आग्रह धरला. तथापि अमेरिकेतील अनेक ग्राहकांनी फवाऱ्याचे डबे घेणे सोडले. डबा रोजच्या वापरातला होता, त्यावाचून अडत नव्हते व पर्याय स्वस्त होते. त्यामुळे दूरच्या धोक्याला घरगुती रूप लाभले. १९७८ मध्ये अमेरिकेने अनावश्यक फवाऱ्यांत या संयुगांच्या वापरास बंदी घातली.

या यशातच पुढील शैथिल्याचे बीज होते. डबे गेल्याने प्रश्न सुटला, असा समज पसरला. प्रशीतन, फेस-प्लॅस्टिके व विद्रावके यांतील वापर मात्र चालूच राहिला. परंतु तो सामान्य माणसाच्या नजरेआड होता.

मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील हॅली बे येथे वसंत ऋतूत (ऑक्टोबरमध्ये) ओझोन मोठ्या प्रमाणात घटल्याचे प्रसिद्ध केले. उपग्रहीय मोजमापांवरून काढलेल्या रंगीत नकाशांमुळे ‘ओझोन छिद्र’ ही प्रतिमा जगभर पोहोचली. १९८७ मध्ये एका अमेरिकन मंत्र्याने टोप्या व काळे चष्मे वापरण्यासारखे वैयक्तिक उपाय सुचविल्याचे वृत्त आले, तेव्हा त्याची चेष्टा झाली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल करार झाला, त्या वेळी छिद्राचे कारण अद्याप निर्विवाद ठरलेले नव्हते. विकसनशील देशांनी पर्यायांच्या खर्चाचा प्रश्न लावून धरल्याने १९९० च्या लंडन दुरुस्तीत साहाय्य निधीची तरतूद झाली. त्यानंतर १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला.

छिद्राच्या प्रतिमेने लोकमत जागे केले, तसेच गैरसमजही रुजविले. वास्तविक हे भोक नसून थराचे हंगामी विरळ होणे आहे. या छिद्रातून उष्णता आत शिरते व त्यामुळे पृथ्वी तापते, हा समजही चुकीचा आहे. क्लोरोफ्ल्युओरोकार्बने उष्णता रोखणारी असली, तरी तापमानवाढीचे प्रमुख कारण कार्बन डाय-ऑक्साइड हे होय. तो इंधनाच्या जवळजवळ प्रत्येक वापराशी निगडित असल्याने, एखादी वस्तू टाळून भागण्यासारखी ती समस्या नाही.

वातावरणात पोहोचलेली ही संयुगे अनेक दशके टिकतात. त्यामुळे सध्याची धोरणे चालू राहिल्यास अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीवर २०६६ च्या सुमारास येईल, असा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय आढाव्याचा अंदाज आहे. लोकांचे लक्ष दुसरीकडे वळले, त्या वर्षांतील उत्सर्जनाचाही या विलंबात वाटा आहे.