कबुली दिली, पण कुणापुढे?

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ गुन्हेवार्तांतलं हे वाक्य इतकं रुळलंय की ते वाचताना कुणीच अडखळत नाही. पण हीच कबुली घेऊन कोर्टात गेलात तर तिची किंमत शून्य. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, असा आपला कायदा आहे. आणि हा कायदा त्या खाक्याच्याच पोटी जन्मला.

इंग्रजी सिनेमे पाहून अनेकांना वाटतं की संशयिताचे हक्क ही अमेरिकेची देणगी. बेड्या घालताना ‘तुला गप्प राहण्याचा हक्क आहे’ असं ऐकवण्याची तिथली पद्धत 1966 च्या मिरांडा निकालापासूनची. आपला नियम तिच्याहून 105 वर्षांनी थोरला आहे.

त्याचं मूळ मद्रास इलाख्यात. 1854 साली ब्रिटिश संसदेत आरोप झाला की कंपनी सरकारचे नोकर सारावसुलीसाठी रयतेचा छळ करतात. चौकशीला तीन जणांचं कमिशन नेमलं गेलं. त्याच्याकडे 1,959 तक्रारी आल्या. 1855 च्या अहवालात छळाच्या रीती नावानिशी नोंदल्या आहेत. ‘किट्टी’ म्हणजे लिंबू पिळायच्या चिमट्यासारखं लाकडी साधन. लिंबाच्या जागी माणसाची बोटं, मांड्या, कान. ‘अनुंडाल’ म्हणजे माणसाला वाकवून त्याची मान पायांच्या अंगठ्यांना बांधायची आणि तसंच उन्हात उभं ठेवायचं. डोळ्यांत मिरचीची पूड हा त्यातला नित्याचा उपाय. सारा वसूल करणारे आणि चोर पकडणारे हात एकच होते, त्यामुळे वसुलीची हत्यारं तपासालाही सहज उपयोगी पडत. 1857 च्या उठावाच्या धामधुमीत कार्ल मार्क्सने याच अहवालाच्या आधारे अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात कंपनीच्या कारभाराचे वाभाडे काढले.

मग 1861 साली दोन कायदे आले. पोलीस कायद्याने हाती दंडुका दिला आणि त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, कलम 148 नुसार, त्या हाताने काढलेली कबुली रद्दबातल ठरवली. सरकारने आपल्याच पोलिसांवर कायद्यात लिहून ठेवलेला हा अविश्वास. जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने 1872 चा पुरावा कायदा रचला तेव्हा हा नियम त्यात कलम 25 झाला. पोलीस असं का वागतात, याचं एका अनुभवी अधिकाऱ्याने दिलेलं कारण स्टीफनने पुढे नोंदवून ठेवलं. आळस हे ते कारण. उन्हातान्हात पुरावा शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून कुणा गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं.

पण दार लावताना एक खिडकी उघडी राहिली, ती म्हणजे कलम 27. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्यातला तेवढाच भाग पुराव्यात येतो. समजा, ठाण्यात दोन पंचांसमोर आरोपी म्हणतो, ‘ज्या सुरीने मी त्याला भोसकलं, ती मी छपरात लपवली आहे, काढून देतो.’ निवेदन पंचनामा होतो, जीप निघते, छपरातून सुरी निघते. कोर्ट या वाक्याचे दोन तुकडे करतं. ‘छपरात लपवली आहे, काढून देतो’ हा तुकडा ठेवतं आणि ‘ज्या सुरीने भोसकलं’ हा खोडतं. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने घालून दिलेली ही रेघ आजही चालते. खुनाच्या खटल्यात पंच फितूर झाले की सरकारी वकिलाला घाम का फुटतो, ते यावरून कळेल.

स्वातंत्र्यानंतर या अविश्वासाला हक्काचं रूप आलं. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, असं घटनेच्या अनुच्छेद 20(3) मध्ये आलं. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांनी पोलिसांच्या लेखी प्रश्नावलीला उत्तरं द्यायचं नाकारलं. त्यांच्या प्रकरणात 1978 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं की हे संरक्षण कोर्टाच्या पिंजऱ्यात नव्हे, तर पोलिसांच्या पहिल्या प्रश्नापासूनच सुरू होतं. कायदेविषयक मदत संस्थेचे डी. के. बसू यांनी 1986 साली कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. तेच याचिका मानून न्यायालयाने 1996 साली अटकेचे 11 नियम घालून दिले.

उलट्या दिशेचं पाऊलही पडलं, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. दहशतवादविरोधी ‘टाडा’ कायद्याने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य मानली होती. तो कायदा गेला, पण संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 1999 च्या आपल्या ‘मकोका’ने कलम 18 मध्ये तीच तरतूद पुन्हा आणली. ज्या राज्यात ‘खाक्या’ हा कौतुकाचा शब्द आहे, तिथे असं व्हावं यात नवल नाही.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमं 25, 26 आणि 27 आता एकाच कलम 23 मध्ये नांदतात. आकडा बदलला, अविश्वास तोच राहिला. म्हणून वाचकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्याला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाला उत्तर देणं बंधनकारक नाही. अटक झालेल्याला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं, मात्र चौकशीभर त्याला शेजारी बसवता येत नाही. आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घेऊ नये, असं कायदाच सांगतो.