भंडारदरा

भंडारदरा हे महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेत, प्रवरा नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर ते वसले आहे. जलाशय, धबधबे, प्राचीन शिवमंदिर आणि सभोवतीचे गिरिदुर्ग यांमुळे मुंबई, ठाणे, नाशिक व पुणे येथील पर्यटक येथे येतात. माथेरान किंवा महाबळेश्वर यांप्रमाणे हे ठिकाण ब्रिटिशांनी हवापालटासाठी वसविलेले नाही. येथे गिरिस्थानाआधी धरण आले आणि आजही येथील निसर्गदृश्याचा मोठा भाग धरणाच्या कारभारावर अवलंबून आहे.

धरण व जलाशय

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिला 'अमृतवाहिनी' असेही म्हणतात. नदी डोंगरांच्या कोंडाळ्यातून बाहेर पडते त्या अरुंद जागी १९१० साली दगडी धरणाचे बांधकाम सुरू झाले व १९२६ साली ते पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्यास विल्सन धरण हे नाव मिळाले. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर व लांबी ५०७ मीटर असून पाणीसाठ्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे साधारण ११ टीएमसी आहे. जुन्या लेखनात जलाशयाचा उल्लेख 'आर्थर लेक' असा आढळतो. पुढे त्यास आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचे नाव देण्यात आले. याच तालुक्यातील देवगावचे राघोजी हे महादेव कोळी समाजातील होते. सावकारशाही व इंग्रज सत्ता यांविरुद्ध बंड केल्याबद्दल त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

धबधबे

धरणाच्या पायथ्याशी असलेला 'अंब्रेला' धबधबा पूर्णतः नैसर्गिक म्हणता येत नाही. धरणाच्या मोरीतून सोडलेले पाणी खालच्या गोलाकार खडकावरून छत्रीच्या आकारात पसरते, म्हणून हे नाव पडले. पाणी सोडणे बंद झाले की तेथे कोरडा काळा खडक उरतो. शेंडी गावापासून काही अंतरावरील रंधा धबधब्यात प्रवरा नदी सुमारे १७० फूट खोल घळीत कोसळते. काठावर घोरपडादेवीचे मंदिर आहे. कोदणी येथील जलविद्युत केंद्राकडे पाणी वळविले जात असल्याने रंधाचे पूर्ण रूप मुख्यतः पावसाळ्यातच दिसते. छायाचित्रे पाहून उन्हाळ्यात जाणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. जुलै ते सप्टेंबर या काळात मात्र जलाशयाभोवतीच्या कड्यांवरून असंख्य निनावी धबधबे वाहतात.

अमृतेश्वर मंदिर

जलाशयाच्या वरच्या टोकास, रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी हे गाव आहे. तेथील अमृतेश्वर हे शिवमंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवमंदिरे बांधल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटात आहे आणि अमृतेश्वर त्यांपैकीच एक, अशी परंपरा सांगितली जाते. झंझाचा काळ दहाव्या शतकाचा प्रारंभ हा होय. मंदिराचे शिखर मात्र भूमिज शैलीचे असून ही घडण त्यानंतरच्या काळाकडे निर्देश करते. त्यामुळे पारंपरिक श्रेय जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. सरसकट 'हेमाडपंती' म्हणण्याची प्रथाही येथे दिशाभूल करणारी ठरते. हेमाद्री तेराव्या शतकातला. खांबांवरील व छतावरील कोरीव काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचून शिवलिंग बुडते. मंदिराजवळ देवकोष्ठे असलेली चौरस पुष्करणी आहे.

काठावरील गावे आणि पाणी

मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद व रतनवाडी ही गावे जलाशयाभोवतीच्या रस्त्यावर लागतात. येथे महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती प्रामुख्याने आहे. भातशेती पूर्णपणे पावसावर चालते. हिरडा गोळा करणे हा पूरक व्यवसाय आहे. घाटघर हे राज्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक असूनही, कातळ व तीव्र उतार यांमुळे पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात या पट्ट्यातील वाड्यांना टंचाई जाणवते. साठविलेले पाणी रब्बी व उन्हाळी आवर्तनांतून खाली ओझर बंधाऱ्याकडे जाते व तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांस मिळते. या पाण्यावर उसाचा पट्टा उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला १९५० साली गाळप सुरू केलेला सहकारी साखर कारखाना त्याच पट्ट्यातला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार टंचाईच्या वर्षी प्रवरा खोऱ्यातील धरणांतून जायकवाडीसाठीही पाणी सोडावे लागते आणि त्यावरून नगर व मराठवाडा यांच्यात वाद होतात. या वादात काठावरच्या वाड्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. पर्यटन हे त्यांचे नवे उत्पन्न आहे. घरगुती जेवण, तंबूंतील मुक्काम व वाटाड्याचे काम यांतून पैसा येतो, पण तो हंगामी असतो.

काजवे आणि अभयारण्य

परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) येथून जवळ असून बारी गावातून त्यावर वाट जाते. मे अखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे चमकतात. नर-मादीचा संकेत प्रकाशावरच चालत असल्याने गाड्यांचे दिवे, विजेऱ्या व मोबाइलचा फ्लॅश यांनी त्यांच्या मीलनात व्यत्यय येतो. झाडाखालची जमीन तुडविली गेल्यास तेथील माद्या व अंडीही चिरडली जातात. वन विभाग या काळात प्रवेशावर निर्बंध घालतो. साम्रदजवळील सांदण दरी ही अरुंद घळ पावसाळ्यात धोकादायक असल्याने त्या काळात टाळावी लागते.

मुंबई उपनगरांतून जाण्याचा मार्ग

मुलुंडहून हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. घाटकोपर व मुलुंडकडील प्रवासी पूर्व द्रुतगती मार्गाने ठाणे गाठून मुंबई–नाशिक महामार्गास लागतात; बोरिवलीकडून घोडबंदर मार्गे ठाण्यास येता येते. कसारा घाट चढून इगतपुरीनंतर घोटी येथे उजवीकडे वळल्यावर बारी मार्गे शेंडी लागते. रेल्वेने कसाऱ्यापर्यंत लोकल मिळते; इगतपुरी हे अधिक जवळचे स्थानक असले तरी तेथे लोकल जात नाही. पावसाळ्यात घाटात दाट धुके असते, म्हणून घोटीपुढचा प्रवास अंधार पडण्यापूर्वी उरकणे सोयीचे ठरते.