एक तृतीयांश, पण कशाचा?

मंडळी, या वीकेंडचा विषय वरवर कोरडा आहे: बांधकाम परवानग्या. पण आपल्यातल्या निम्म्यांनी फ्लॅट बुक केलाय आणि उरलेल्यांना घरचे रोज "कधी घेणार?" म्हणून विचारतात. तेव्हा इतक्यात पळून जाऊ नका :)

मिहानमध्ये लंचला बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "परवानग्या पटापट द्या, घरं आपोआप स्वस्त होतील." मला हे अर्धं पटतं. फाईल अडकली की पझेशन लांबतं, आणि मग घरभाडं आणि ईएमआय दोन्ही आपल्याच खिशातून जातात. उरलेलं अर्धं का पटत नाही, ते सांगायला बंद पडलेल्या गिरण्यांचा इतिहास काढावा लागेल.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. खापरीहून मेट्रो पकडायची, सीताबर्डीला गाडी बदलायची, की पुढचं स्टेशन कॉटन मार्केट. तिथून जवळच, गांधीसागर तलावापाशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं होतं, म्हणून हे नाव. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे हाताशी. म्हणून मुंबई सोडून नागपूर. जमीन मात्र दलदलीची होती. एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला, आणि पुढे त्यानेच कबूल केलं की या माणसाने जमिनीत माती घातली आणि सोनं काढलं, अशी गोष्ट सांगतात.

टाटांनी १९८६ मध्ये ही गिरणी सोडली, मग ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. आज त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे. आपण तिथे सिनेमे पाहिलेत, पिझ्झे खाल्लेत. गिरणी गेली तरी जमिनीतलं सोनं गेलं नव्हतं. प्रश्न एवढाच, की ते कोणाचं?

या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर एकदा मुंबईत लिहिलं गेलं होतं. मुंबईत ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही; गिरण्याच हळूहळू थंड पडत गेल्या. मग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणी पाडून जमीन विकसित करायची असेल तर ढोबळ तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, मैदानं आणि बागांसाठी. एक म्हाडाला, सार्वजनिक घरांसाठी. उरलेला मालकाला. (प्लॉटच्या आकारानुसार टक्के थोडे बदलायचे, पण हिशोब हाच.)

कागदावर छानच होतं हो. पण मालक पुढे येईनात. जमिनीचे दोन वाटे कोण देणार? त्यात एक पळवाट होती: शेड न पाडता आतला वापर बदलला तर वाटणी लागू होत नव्हती. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये नव्वदीच्या अखेरीस बोलिंग ॲली आली. १९९६ मध्ये चार्ल्स कोरियांच्या समितीने सांगितलं, की एकेक गिरणी सुटी पाहू नका, जमिनींचा एकत्र आराखडा करा, म्हणजे मोकळी जागाही सलग मिळेल. तो अहवाल फायलीतच राहिला. तिकडे कामगारांची देणी थकलेली. त्यामुळे "नियम व्यवहार्य करा" ही मागणी नुसती बिल्डरांची होती असं म्हणणं अन्याय होईल. नियम खरंच अडकला होता.

मार्च २००१ मध्ये सरकारने तो दुरुस्त केला. विक्रीचे पैसे एस्क्रो खात्यात जातील, त्यातून कामगारांची देणी भागतील, अशी सोय होती. एक तृतीयांशही तसाच राहिला. बदललं ते एवढंच, की एक तृतीयांश कशाचा? आधी पूर्ण जमिनीचा होता, आता फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचा. शेडखालची जमीन, शेड पाडल्यावरसुद्धा, वाटणीतून बाहेर!

गणित करून बघा. समजा, १५ एकरांची गिरणी आहे. १२ एकरांवर बांधकाम, ३ एकर मोकळे. जुन्या नियमाने साधारण ५ एकर मैदान, ५ एकर सार्वजनिक घरं, ५ एकर मालक. नव्या नियमाने १ एकर मैदान, १ एकर घरं, आणि मालकाकडे १३. अपूर्णांक तोच, छेदच बदलला. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शनला हात न लावता इनपुट बदललं.

यानंतर गाडी सुसाट सुटली. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्या विकल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटी मिळाले. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप कोर्टात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम ठेवली.

मग कामगारांच्या घरांचं काय झालं? घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली. १ मार्च २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. मधे पनवेलजवळच्या कोनची घरं आली, म्हणजे गिरणगावापासून कितीतरी दूर. १९८२ ला तिशीत असलेला कामगार २०२० ला सत्तरीच्या घरात होता. नंबर लागला तो बऱ्याचदा त्याच्या वारसाचा.

आता आजकडे येऊ. परवानगीचा वेग मोजण्याचं आपल्याला फार कौतुक. जागतिक बँकेच्या 'डुइंग बिझनेस' अहवालात बांधकाम परवान्यांत भारत १८१ वरून दोन आवृत्त्यांत २७ वर आला. मुंबई आणि दिल्लीत सुधारणा झाल्या होत्या हे खरंच. पण त्या निर्देशांकात मोजलं जायचं ते एका गोदामाचं बांधकाम! किती टप्पे, किती दिवस, किती खर्च. मैदान किती सुटलं, परवडणारी घरं किती झाली, हे विचारायला तिथे रकानाच नव्हता. (२०२१ मध्ये तो अहवालच बंद झाला.)

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रिकृत नियमावली आली, मुंबईसारखे काही अपवाद सोडून सगळीकडे, आपल्या नागपुरातही. १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या प्लॉटवर परवानगीचा त्रास जवळपास संपवला, ही चांगलीच गोष्ट. स्वतःचं घर बांधणाऱ्या माणसाला खेटे घालायला लावून कोणाचंही भलं होत नाही. औद्योगिक पट्ट्यातल्या जमिनीवर अटी पाळून, सुविधांसाठी जागा सोडून, घरं बांधायचीही त्यात वाट आहे. उद्या शहराच्या पोटात आलेल्या जुन्या कारखान्यांवर टॉवर उभे राहणार, हे उघड आहे.

मिहान गिरणीच्या जमिनीवर नाही. खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव अशा गावांच्या शेतांवर आहे. पण जमिनीचा वापर एका सहीने बदलतो आणि तिची किंमत कित्येक पट होते, हे इथेही तसंच. ती वाढलेली किंमत कोणा एकाच्या घामाची नसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. परवानगी जलद करणं आणि अट सैल करणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच दुरुस्तीत बांधून येतात तेव्हा सावध व्हावं. टेस्ट केसेस काढून टाकल्या की बिल्ड पटकन पास होतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वाटा पूर्ण प्लॉटवर ठरवा, शेड असो वा नसो. मैदान कुठे आणि घरं कुठे, हे आधी नकाशावर दाखवा. सार्वजनिक वाट्याचा ताबा आधी, मालकाच्या टॉवरची ओसी नंतर. एवढं पक्कं झालं की मग खुशाल सात दिवसांत परवानगी द्या, ऑनलाईन द्या, टाळ्या वाजवायला मी पहिला.

पुढच्या वेळी "नियम सुटसुटीत केले" अशी बातमी वाचाल, तेव्हा किती दिवस वाचले ते बघाच. पण छेद कोणता आहे तेही शोधा. तो बहुतेक व्याख्यांच्या पानावर सापडतो.